नांदायला आलेली पाखरं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गच्चीवर धोबी येतो. टाकीच्या गळक्या तोटीखाली शेवाळाचा हिरवा पट्टा धरलाय, तेवढीच त्याची जहागीर. तिथं तो तुरुतुरु धावतो, थांबतो, शेपटी वरखाली आपटतो, एखादं चिलट टिपतो आणि पुन्हा धावतो. पांढरा चेहरा, गळ्याखाली काळा डाग, पाठ राखाडी. वजन वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांहूनही कमी. एवढ्याशा जिवानं हिमालय मागं टाकलेला असतो.

२०२४ साली तो आला त्या सकाळी शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. मी दुर्बीण घेऊन कठड्याशी ओणवा झालेलो बघून त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "आली का तुमची माहेरवाशीण?"

मी हसून मान डोलावली. पण जिना उतरताना वाटलं, हे उलटं आहे. माहेरवाशीण म्हणजे सासरहून चार दिवस विसाव्याला आलेली लेक. हा धोबी तर मध्य आशियात किंवा सायबेरियात कुठंतरी उन्हाळ्यात पिल्लं वाढवून आलाय आणि आता मार्चअखेरपर्यंत इथंच राहणार आहे. आपल्याकडं मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते आणि तान्हं घेऊन परत येते. कुठं? नांदत्या घरी. धोब्याचं माहेर उत्तरेला आहे. मिरजेत तो नांदायला येतो.

वर्तमानपत्रांत मात्र दरवर्षी ठरलेला मथळा असतो: परदेशी पाहुण्यांचं आगमन. भोरड्यांचा हिशेब मांडला की या मथळ्याची गंमत कळते. भोरडी म्हणजे गुलाबी मैना, कुणी तिला पळस मैना म्हणतात. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत आणि त्याच्या आजूबाजूला ती अंडी घालते. एप्रिलमध्ये आपल्याकडून जाते आणि जुलै संपतासंपता, ऑगस्टात, पहिले थवे परत दिसायला लागतात. बारा महिन्यांतले आठ-नऊ महिने जी इथल्या ज्वारीवर, वडा-पिंपळांवर काढते, ती पाहुणी कशी? तिकडं चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त करावा म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडविटांची घरटी बांधून देतात. माहेरी कौतुक व्हायचंच. आपल्याकडं ती पिकावर पडते म्हणून गोफण मिळते. तेही रीतीला धरूनच म्हणायचं.

ही उपमा मी फार ताणणार नाही. हिरव्या तुतवारीची मादी पिल्लं जरा सुटी झाली की त्यांना बापाच्या हवाली करून आधी निघते. जुलैतच आपल्या ओढ्याकाठी दिसणारी तुतवार बहुधा अशीच घाईनं परतलेली आई असते. पिल्लं तर आईबाप गेल्यावर, कुणीही वाट न दाखवता, आपापली येतात. असलं माहेर-सासर माणसांत नाही. पण "पाहुणे" हा शब्द काकूंनी माझ्या डोक्यातून कायमचा काढला, आणि त्यानंतरच्या महिन्यात मिरजेच्या आसपासची एक दुपार मला वेगळी दिसली.

जंक्शनच्या गावात

रविवार, १० नोव्हेंबर २०२४. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, बाराला सालिम अलींचा, म्हणून ही आठ दिवसांची चौकट. चितमपल्ली तेव्हा हयात होते. पुढं २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडून पक्षी जेवढे घेतले त्याहून जास्त शब्द घेतले. इंग्रजी पुस्तकातला पक्षी ओळखता येतो, पण थापीसारख्या चपट्या चोचीच्या बदकाला थापट्या म्हटलं की तो ओळखावा लागत नाही. तो गावातलाच होतो.

दुपारी दीडला सरांच्या घरी पोचलो. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय सत्तरीपुढं. घर सतारमेकरांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलाय, आणि २०२४ मध्येच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सर दारात उभे होते, पण माझ्याकडं लक्ष नव्हतं. बोट वर, डोळे मिटलेले. गल्लीच्या तोंडाशी प्रचाराची रिक्षा कर्णा लावून फिरत होती, मतदान दहा दिवसांवर आलेलं. पलीकडं कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत होतं: घोडीवर तारेखाली सुती दोरा किंचित सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा सरकवायचा. या सगळ्यातून सर लिंबाच्या झाडातलं काहीतरी ऐकत होते.

"च्-स्वी. ऐकलंस? वटवट्या. हिरवट."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हिरवट वटवट्या पानाच्या रंगाचा, पानाएवढा, पानातच राहणारा. सबंध हिवाळाभर तो मिरजेच्या लिंबांत, चिंचांत असतो आणि दहा हजारांत एखाद्याला दिसतो. दिसतो म्हणजे आधी ऐकू येतो. सर म्हणाले, "जवारी लावणाऱ्याला विचार. तार बघून लागत नाही."

स्कूटर पूर्वेला काढली. मिरजेतून कुठंही जायचं तर रूळ आडवे येतातच. एकेकाळी या स्थानकात तिन्ही गेजचे रूळ होते: रुंद, मीटर आणि बार्शी लाइटची चिमुकली अरुंद गाडी, जी १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. तीन मापांच्या गाड्यांमुळं माणसांना इथं उतरून गाडी बदलावी लागे. सर वर्गात स्थलांतर शिकवायचे ते याच फलाटावरून. काही उतारू मिरजेचे असतात, काहींना नुसती गाडी बदलायची असते. पाखरांतही तसं आहे. धोबी, भोरड्या, भोवत्या हे इथं उतरणारे. अमूर ससाणा मात्र गाडी बदलणारा. सायबेरिया आणि चीनच्या ईशान्येकडून निघालेला हा छोटा शिकारी पक्षी नागालँड-मणिपुरात थबकतो, मग नोव्हेंबरात भारत आडवा कापून महाराष्ट्रावरून अरबी समुद्रावर झेपावतो आणि थेट आफ्रिका गाठतो. उपग्रहाचे टॅग लावल्यापासून हे मार्ग नकाशावर दिसतात. आमच्या डोक्यावरूनही त्यातले काही जात असणार, बहुतेक आम्ही चहा पीत असताना.

चातक उलट दिशेचा प्रवासी. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो आणि परतीच्या पावसाबरोबर निघतो. त्याचं पिल्लू सातभाईंनी वाढवलेलं. त्याला समुद्रापलीकडचं कुणी सांगितलेलं नसतं. तरी ते जातं. दिवसाची लांबी, सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व यांवर पक्षी दिशा धरतात एवढं विज्ञानानं उलगडलंय. सर मात्र वर्गात एवढंच सांगायचे: "रूळ नाहीत, पण टाइमटेबल आहे."

माळावर

मालगाव मागं टाकलं की जमीन हळूहळू चढते आणि काळी माती मुरमाड होत जाते. समोर दंडोबाचा डोंगर. कातळात कोरलेल्या शिवमंदिराचा, वनखात्यानं झाडं लावून हिरवा केलेला. अलीकडं सगळ्या द्राक्षबागा. ऑक्टोबरातली फळछाटणी होऊन गेलेली, नव्या फुटींवर घड दिसायला लागलेले, आणि परतीच्या पावसानं दावण्याची धास्ती. ट्रॅक्टरवर फवारणीचे पंप घरघरत होते. औषधाचा आंबूस वास हवेत.

आम्हाला हवा होता तो बागांच्या मधला पडीक तुकडा. पंधराएक एकरांचा, कुसळी गवताचा, सामाईक वहिवाटीचा वाद असल्यामुळं वाचलेला. सर म्हणतात, भाऊबंदकीनं जितकं गवत राखलंय तितकं कुणी राखलं नाही.

अर्धा तास काही नाही. दोन खाटीक, एक कवडा गप्पीदास, तारेवर माळभिंगऱ्यांची रांग. मग गवताच्या शेंड्यांवरून, हातभर उंचीवरून, पांढुरका पक्षी तरंगत आला. पंख किंचित वर उचललेले, एकदा डावीकडं कलता, एकदा उजवीकडं, पंखांची टोकं काळी. फिकट भोवत्या, नर. तो पंख मारत नव्हता, गवत वाचत होता. मधेच हवेत थबकला, पाय खाली सोडून पडला, आणि उठला तेव्हा पायात काहीतरी होतं. बहुधा नाकतोडा.

भोवत्या कझाकस्तान-रशियाच्या गवताळ पट्ट्यातून येतात आणि दख्खनचं माळरान हेच त्यांचं घर. माळ म्हणजे आपल्या हिशेबी पडीक, म्हणजे काहीच नाही. सरकारी दप्तरातही त्याला तोच मान. पण भोवत्या, पखुर्डी, धाविक, तणमोर, माळढोक हे सगळे याच "काहीच नाही"वर जगलेले. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं नवलाईचं झालंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा, ९४२ जातींचा आढावा घेणारा. त्यातून दिसणारं चित्र आम्हाला माळावर उभं राहून कळत होतंच: गवताळ प्रदेशातले, शिकारी, आणि हिवाळ्यात येणारे पक्षी घटताहेत. भोवत्या या तिन्ही रकान्यांत बसतो.

आमच्याच भागातला आणखी एक दाखला. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथं पाहणी केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, चक्क्या नसलेल्या भागाच्या मानानं, जवळजवळ चौपट कमी. त्यामुळं तिथं सरडे वाढलेले, शिवाय कमी घाबरणारे. एक घिरट्या घालणारा पक्षी कमी झाला की जमिनीवरच्या सरड्याचं वागणं बदलतं. पवनऊर्जा नको असं कुणी म्हणत नाही. पण "तिथं काय आहे, नुसतं पठार" हे म्हणता येत नाही.

बागेचे मालक बांधावर आले. "काय बघालाय ओ मघापास्नं?" सरांनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी भोवत्या बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ही लै असायची. आम्ही पोरं होतो तवा ही सगळी कुसळं. शाळू निघाला तर निघाला. राखणीला माळ्यावर बसायचो, गोफण घेऊन. भोरड्या पडायच्या तर आभाळ काळं. आता शाळूच न्हाई तर राखायचं काय?"

"मग द्राक्षाला त्रास देतात का?"

"घड गोड झालं की. जाळी टाकतोय की वरनं." थोडं थांबून म्हणाले, "पाणी आलं न्हवं का. पाण्यानं सगळं बदललं."

ते बरोबर बोलत होते. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. ते २००० सालापर्यंत अडवून वापरायचं, या घाईत १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं आणि रखडलेल्या उपसा योजनांनी वेग घेतला. म्हैसाळला नदीतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत मिरजेच्या पूर्वभागात, कवठेमहांकाळला, जतेकडं नेलं. तीन-तीन पिढ्या टँकर आणि छावण्या बघितलेल्या माणसाला आवर्तन सुटल्याचा आवाज काय वाटत असेल, ते दुर्बीणवाल्यानं सांगू नये. पाणी यायलाच हवं होतं. पण पाणी आलं तशी पाखरं बदलली. कुसळीवरची गेली, पाझरतलावावरची आली. हे कुणाच्या अहवालात लिहिलेलं नव्हतं, कारण या माळावर आधी काय होतं याची नोंदच कुणी ठेवली नव्हती.

अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक हे नगर जिल्ह्यात राहून पक्षी टिपायचे. १८७६ मध्ये त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव इथल्या पक्ष्यांची यादी छापली. महाबळेश्वर वर, बेळगाव खाली, मिरज मधे. सर ती यादी काढतात आणि म्हणतात, "बघ, जंक्शनवर उतरला नाही."

मीठ फुटलेलं रान

साडेतीनला दक्षिणेला वळलो. म्हैसाळच्या वाटेवर ऊस सुरू होतो आणि नजर बंद होते. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच भिंती. मग एकदम भिंत संपते आणि समोर पांढरं रान उघडतं. थंडीतलं धुकं नव्हे, मीठ.

पाण्याचं दुसरं टोक हे. नदीकाठच्या काळ्या, चिकण जमिनीला वर्षानुवर्षं पाट फोडून पाणी पाजलं. निचऱ्याला वाट नाही. जमिनीतली पाण्याची पातळी चढत गेली, पाण्यात विरघळलेले क्षार वर आले, पाणी उन्हानं उडालं आणि क्षार पृष्ठभागावर राहिले. मिरज, पलूस, वाळवा आणि पलीकडं शिरोळ, सगळीकडं हीच कथा. कागदावर तिचं नाव क्षारपड. शेतकरी म्हणतो, रान चोपण झालं, मीठ फुटलं.

या रानात घोट्याएवढं पाणी साचलेलं, भोवती लव्हाळा आणि पाणकणसं. आणि त्या पाण्यात, दुपारच्या तिरप्या उन्हात, गर्दी.

सरांनी तिपाईवर स्कोप लावला आणि मी वही उघडली. ठिपकेवाल्या तुतवारी वीस-बावीस. हिरवी तुतवार एक, तिची शेपटीलगतची पांढरी पाठ उडताना चमकली. काळ्या शेपटीचे मालगुजे अकरा, लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून शिवणयंत्रासारखी चालवत. शेकाट्यांची लालचुटुक काटकी पायांची पलटण, पण ते बाराही महिने इथलेच. पिवळे धोबी चिखलाच्या कडेनं. कडेला, चिखलाच्याच रंगाचे, आधी दगड वाटलेले आणि मग धावायला लागलेले छोटे टिलवे, चौदा.

छोटा टिलवा हा चिमणीएवढा पाणपक्षी. त्याचं माहेर सायबेरियाच्या उत्तर टोकाला, बर्फाळ टुंड्रात, जिथं जूनमध्ये सूर्य मावळत नाही. तिथून मिरज सहा हजार किलोमीटरांहून लांब. मध्य आशियाच्या या हवाई वाटेनं दरवर्षी ये-जा करणाऱ्या पाणपक्ष्यांच्या १८० हून अधिक जाती आहेत आणि ती वाट तीस देशांवरून जाते. त्या वाटेवरचं हे एक ठाणं: कुणाच्यातरी चोवीस गुंठ्यांचं मातेरं.

यातले कुणी मान्यवर पक्षी नव्हते. पट्टकादंब हंस बघायचे तर साताऱ्याच्या येरळवाडीला, मायणीला जावं. हिमालयावरून उडताना सात हजार मीटरांपेक्षा जास्त उंचीवर ज्यांची नोंद झालीय ते हे हंस. मायणीचं तळं एकेकाळी रोहितांसाठी नावाजलेलं होतं. २०२१ मध्ये त्याला आणि आसपासच्या तलावांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. नाशिकचं नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. त्या जागांना पाट्या आहेत. मिरजेच्या या डबक्याला पाटी नाही, आणि ते टिकावं असंही कुणाला वाटत नाही. मालकाला तर मुळीच नाही.

मालक आलेच. पन्नाशीतले, हातात विळा, लव्हाळा कापायला आलेले. त्यांना आमचं नवल वाटलं नाही, फक्त कंटाळा आला. "इथं ऐंशी टनाचा उतारा होता. आता गवत बी नीट येईना. रान गेलं बघा."

"पाइपलाइन घालून निचरा करताहेत ना शिरोळकडं?"

त्यांचे डोळे जरा उघडले. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकऱ्यांच्या गटांची क्षारपड जमीन सुधारायला घेतली, हे ते बघून आले होते. जमिनीखाली चार-पाच फुटांवर भोकं असलेले पाइप अंथरायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि खारं पाणी ओढ्याला, नदीला काढून द्यायचं. एकट्यानं होत नाही. वरचा आणि खालचा शेजारी तयार पाहिजे. "दोन वर्षांत ऊस उभा ऱ्हायला त्यांचा. आमी बी नंबर लावलाय."

मी वहीत बघितलं. चौदा टिलवे, अकरा मालगुजे. पाइप पडला की हे डबकं आटणार. पडावा की पडू नये? माणूस समोर उभा असताना या प्रश्नाचं एकच उत्तर देता येतं, आणि ते मी मनापासून दिलं. पडावा. आपल्या एका चुकीनं टिलव्याला पोसलं म्हणून ती चूक जपा असं म्हणता येत नाही. पण टिलवा या डबक्यात का येतो हेही विचारायला हवं. नदीच्या वाळूचे पट्टे गेले. वीटभट्ट्यांनी काठची माती नेली. ओढे गटारं झाले. गावतळी बुजून त्यांवर सभागृहं आली. चांगल्या खोल्या एकेक करून बंद केल्या, आणि ती नांदायला आलेली बाई गोठ्यात पथारी टाकून राहिली. आता गोठाही दुरुस्त करायचाय. करा. पण मग एखादी खोली उघडायला नको का? गावाच्या मालकीचं एखादं तळं, त्याची एक कड उथळ, बांधकामाशिवाय. टिलव्याला बोटभर पाणी आणि चिखल पुरतो. याहून स्वस्तात नांदणारं कुणी मी बघितलेलं नाही.

घाटावर

सव्वापाचला कृष्णाघाट. समोर अर्जुनवाड, पाणी संथ, महापुराच्या खुणा भिंतींवर अजून दिसणाऱ्या. २००५, २०१९, २०२१: या काठाला साल म्हटलं की पाणीच आठवतं. याच कृष्णेचं पाणी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेच्या स्थानकातून रेल्वेनं तहानलेल्या लातूरला गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. लोकांनी तिला जलदूत म्हटलं. एकच नदी एका साली घरात शिरते, दुसऱ्या साली रेल्वेत बसून दूरच्या घरी जाते.

भोई होडी लावत होता. पलीकडच्या मळीच्या रानाकडं बोट दाखवून म्हणाला, "मगर बसलीया." दुर्बिणीतून बघितलं, ओंडका होता. मग ओंडक्यानं तोंड उघडलं. सांगली जिल्ह्याच्या कृष्णेत मगरी आहेत, आणि आम्ही पाखरवाले तिला मनातल्या मनात धन्यवाद देतो. तिच्यामुळं पलीकडचा तेवढा काठ शांत असतो. तिच्यापासून वीस हातांवर एक तुतवार शेपूट हलवत निवांत फिरत होती.

नदी सुरय पाण्यावरून वर गेले. हळदी-कुंकू बदकांची जोडी, चोचीला पिवळा आणि लाल ठिपका, हळदीच्या पेठेच्या जिल्ह्यात शोभणारी. ही इथलीच. मग सरांनी मला हाताला धरून मागं वळवलं. घाटामागच्या उसाकडं.

आकाशातून धोबी येत होते. एक, तीन, सात. पांढरे, पिवळे, मिसळलेले. लाटांसारखं वरखाली उडत, चिस्सिक-चिस्सिक करत, उसाच्या तुकड्यावर दोन फेऱ्या मारायचे आणि पाचटात उतरायचे. दिवसभर गच्च्या, पाट, डबकी, गोठे असे विखुरलेले धोबी रात्रीला एकत्र येतात. आमच्या टाकीखालचा जहागीरदारही त्यांत असणार. सर मोजत होते, मी आकडे लिहीत होतो. सहा वाजता सूर्य गेला, सव्वासहाला आकाश रिकामं झालं आणि ऊस कुजबुजत राहिला.

तेव्हाच रस्त्यानं दोन ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांत बांबू, प्लास्टिकचे कागद, भांडी, शेळ्या, बायका, लेकरं, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. टोळी. बीडकडची. गाळप हंगाम तोंडावर आला होता. घाटापासून थोड्या अंतरावरच्या पडीत त्यांच्या कोप्या उभ्या राहणार, आणि पुढचे पाच-सहा महिने नवरा-बायकोचा एकेक कोयता अंधारात उठून ऊस तोडणार. त्यांच्या मुलांची शाळा गावी सुरू असते, ती इथं.

त्यांना पाखरांची उपमा द्यायला जीभ वळवळते. द्यायची नाही. पाखरांना उचल घ्यावी लागत नाही.

सर ट्रॅक्टरवाल्याशी बोलून आले. "हा तुकडा कधी तोडणार?" त्याला काय ठाऊक. कारखान्याची तारीख लागली की. पहिला असेल, शेवटचा असेल. "का ओ? तुमचा हाय का ऊस?"

घरी आलो तेव्हा काकू जिन्यात भेटल्या. काय दिसलं, म्हणाल्या. मी माळापासून उसापर्यंत सगळं सांगितलं, आणि त्यांचा माहेरवाशीण शब्द चुकला तेही सांगितलं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. म्हणाल्या, "असू दे की. माहेरवाशीण आली तर चार दिवस गोडधोड केलं, झालं. नांदायला आलीया म्हणता, मग तिला घर लागतंय. तेवढं बघा."

डिसेंबरात तो तुकडा तुटला. आम्ही दुसऱ्या रविवारी गेलो तर पाचट जळून काळं पडलेलं, कोपीपुढं एक बाई भाकरी थापत होती, आणि सूर्य कलला तसे धोबी नेहमीच्या वाटेनं आले. मोकळ्या रानावर दोन फेऱ्या मारल्या. तिसरी मारली. मग पूर्वेला, अजून उभ्या असलेल्या पुढच्या तुकड्याकडं वळले.

वहीत त्या दिवसाखाली सरांच्या अक्षरात एवढंच आहे: "धोबी, अंदाजे २००. जागा बदलली. पुढचा ऊस आडसाली, जानेवारीपर्यंत राहील."